उन्हाविना मीठ : व्येलिच्का आणि बोख्नियाचे चार दिवस

पहिला दिवस : क्राकूव

ज्याचे लहानपण उरणच्या मिठागरांवर गेले, त्याला मीठ ही उन्हाची वस्तू वाटते. माझे आजोबा मिठागरावर मुकादम होते. दिवाळी सरली की बांधबंदिस्ती व्हायची, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेतले जायचे, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत ते दाट केले जायचे आणि उन्हे तापू लागली की वाफ्यांच्या तळाशी खडे धरायचे. मे महिन्यात आभाळ भरून आले की आजोबांना जेवण जात नसे, कारण वळवाची एक सर आली तरी महिन्याभराची मेहनत पाण्यात विरघळून जात असे. त्यामुळे मुलगा नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकूव शहरात राहायला गेला आणि तिथून जवळच व्येलिच्का या गावी जमिनीखाली सातशे वर्षे मीठ खणले जात होते असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा मला राजवाडे आणि चर्च यांच्याआधी ती खाणच पाहावीशी वाटली.

आम्ही दोघे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात क्राकूवला पोहोचलो. पहिला दिवस प्रवासाचा शीण घालवण्यात आणि जुन्या शहरातल्या भव्य चौकात फिरण्यात गेला. त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे, म्हणून मी ते करत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या निळ्या गाड्यांवर ओब्वाझानेक नावाचा पीळ दिलेला कड्यासारखा पाव मिळतो, त्याचा मात्र उल्लेख करायला हवा. तो खसखस, तीळ किंवा मीठ लावलेला असतो. मी अर्थातच मिठाचा घेतला. पावावरचे खडे दाताखाली कुरकुरले, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, हे अख्खे शहर मिठावर उभे आहे." तो अतिशयोक्ती करत असावा असे मला वाटले, परंतु ती फार मोठी नव्हती हे पुढच्या दोन दिवसांत कळले. चौदाव्या शतकात पोलंडच्या राजाच्या उत्पन्नाचा सुमारे एक-तृतीयांश भाग मिठातून येत असे. काझिमेश तिसरा या राजाने १३६४ मध्ये इथे विद्यापीठ स्थापले, तेव्हा अध्यापकांच्या पगाराची तरतूदही व्येलिच्काच्या मिठाच्या उत्पन्नातूनच केली होती.

दुसरा दिवस : व्येलिच्काची खाण

क्राकूवच्या मुख्य स्थानकावरून व्येलिच्काला जाणारी लोकल आपल्या लोकलच्या मानाने रिकामी म्हणावी अशी होती. अर्ध्या तासाच्या आत तिने आम्हाला खाणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणून सोडले. स्थानकाच्या नावातच 'कोपाल्निया' म्हणजे खाण हा शब्द जोडलेला आहे, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. चूक माझीच आधी होऊन गेली होती. तिकिटे काढताना मी भाषेच्या रकान्याकडे पाहिलेच नव्हते आणि त्यामुळे आमच्या वाट्याला पोलिश भाषेतील सहल आली. खाणीत एकट्याने हिंडता येत नाही, वाटाड्यासोबत गटानेच जावे लागते आणि इंग्रजी गटांच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या दिवसाचे इंग्रजी गट भरलेले असल्याने मुलगा आमचा दुभाषी झाला. पुढचे तीन तास तो आमच्या कानाशी मराठीत कुजबुजत होता आणि आमच्या मागे चालणाऱ्या एका पोलिश आजीबाई त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या.

खाणीत शिरण्याची वाट दानिवोविच नावाच्या विहिरीतून आहे. 'शाफ्ट'साठी मला विहीर हाच शब्द जवळचा वाटतो, कारण तिच्या चौकोनी तोंडातून खाली पाहिले की आपल्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरीचीच आठवण होते. ही विहीर १६३५ ते १६४० या काळात खोदली गेली. तिच्यात आता लाकडी जिना बसवला आहे. पहिल्या टप्प्यातच ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटर खोलीवरच्या पहिल्या थरापर्यंत जावे लागते. सौ.चे गुडघे दुखतात, त्यामुळे मला काळजी होती. "अहो, उतरणे देवाच्या हाती, चढायला लिफ्ट आहे ना?" एवढे विचारून ती कठड्याला धरून उतरू लागली आणि माझ्याआधी खाली पोहोचली. वळणामागून वळण तेच ते येत राहते आणि दोन कठड्यांमधल्या फटीतून खाली पाहिले तर तळ दिसत नाही. लाकडावर जागोजाग प्रवाशांनी नावे कोरून ठेवली आहेत. ही खोड केवळ आपल्याच किल्ल्यांवर चालते असा माझा समज होता.

खाली उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती हवा. बाहेर थंडगार वारा असो वा उन्हाळा, आत बारा महिने सतरा-अठरा अंश तापमान असते. दुसरी गोष्ट म्हणजे मिठाचा रंग. मीठ पांढरे असते ही आपली ठाम समजूत आणि फार तर सैंधवाचा गुलाबी रंग आपल्या ओळखीचा. इथले मीठ मात्र करडे आहे, कुठे हिरवट, कुठे काळपट, त्यात माती आणि वाळू मिसळलेली, आणि पहिल्या नजरेला ती काळ्या पाषाणाची भिंतच वाटते. बोट ओले करून भिंतीला लावून जिभेवर ठेवा, असे वाटाड्याने सांगितले. मी भोवताली पाहिले, कोणी हसत नाही ना याची खात्री केली आणि सरळ भिंतीलाच जीभ लावली. खारट लागली, पण आपल्या मिठागरातल्या खड्यासारखी मागाहून किंचित कडवट नव्हती. आजोबा खडा चाखून कोणत्या वाफ्यातला आहे ते सांगत. त्यांना ही भिंत चाखायला द्यायला हवी होती, असे वाटून गेले.

हेही मूळचे समुद्राचेच मीठ आहे. सुमारे १ कोटी ३६ लाख वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता. त्याचे पाणी आटून मिठाचे थर बसले आणि पुढे दक्षिणेकडून कार्पेथियन डोंगर सरकत आले तेव्हा ते थर दुमडले, चुरगळले, उलटेपालटे झाले. भुयाराच्या भिंतीत या घड्या डोळ्यांनी दिसतात. घडी विसकटलेल्या लुगड्याच्या काठासारख्या काळ्या-करड्या रेघा छतापासून जमिनीपर्यंत वळत गेलेल्या असतात. म्हणजे इथेही ऊन, समुद्र आणि आटलेले पाणी हेच भांडवल, फक्त ते मिठागर आटोपून कोट्यवधी वर्षे झाली आणि मग त्याच्यावर माती पडली.

खाणीत भूमिगत खोदकाम तेराव्या शतकात सुरू झाले. त्याआधी लोक जमिनीवर येणारे खारे पाणी उकळून मीठ करत. आज खाणीचे नऊ थर आहेत, सर्वांत खोल थर ३२७ मीटरवर आहे, भुयारांची एकूण लांबी २४५ किलोमीटरांहून जास्त आहे आणि मीठ काढून रिकाम्या झालेल्या दालनांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. प्रवाशांना दाखवतात तो रस्ता साडेतीन किलोमीटरांचा, म्हणजे या सगळ्याचा अगदी छोटा कोपरा. खडक फोडून मीठ काढणे १९६४ मध्ये थांबले आणि १९९६ मध्ये व्यापारी उत्पादनही बंद झाले. तरीही खाणीत रोज खाणकामगार उतरतात, कारण रिकाम्या दालनांना टेकू देणे, जुनी भुयारे बुजवणे आणि झिरपणारे पाणी वर खेचणे ही कामे थांबवता येत नाहीत. त्या खाऱ्या पाण्यापासून आजही मीठ काढतात. एका वळणावर शिरस्त्राण घातलेले दोन कामगार समोरून आले आणि आमच्या वाटाड्याने त्यांना "श्चेंश्च बोझे" म्हटले. देव तुम्हाला सुखरूप ठेवो, असा त्याचा भाव आहे. खाणीत 'नमस्कार' म्हणून हेच म्हणायची रीत आहे आणि ते शब्द उच्चारताना वाटाड्याचा प्रवाशांसाठी राखलेला खेळकर सूर क्षणभर बदलला, असे मला वाटले.

असे म्हणण्याची गरज का पडली असेल, ते 'जळक्या' दालनात कळते. जुन्या खाणीत मिथेन वायू साचत असे आणि तो छताशी गोळा होई. त्याला वेळीच जाळून टाकण्यासाठी काही अनुभवी कामगार नेमलेले असत. ते ओले कपडे घालून, जमिनीसरपट रांगत, लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता बांधून पुढे जात आणि साचलेला वायू थोडा थोडा पेटवत. त्यांना पोलिश भाषेत 'प्रायश्चित्त घेणारे' अशा अर्थाचे नाव होते. तिथे त्यांच्या मूर्ती मांडल्या आहेत आणि बहुतेक प्रवासी त्यांच्याशेजारी फोटो काढून पुढे जातात. पलिता धरलेल्या त्या माणसाचे पोट जमिनीला टेकलेले आहे आणि मान मात्र वर आहे. ती वर केलेली मान मी पुन्हा वळून पाहिली.

मीठ वर कसे नेत, हेही इथे नीट समजते. खडक कोरून पिंपाच्या आकाराचे मोठे गोल ठोकळे काढत, म्हणजे ते भुयारातून गडगडत नेता येत. एकेका ठोकळ्याचे वजन टनाच्या घरात असे. या ठोकळ्यांना 'बाउवान' म्हणत. मुलाने हसत सांगितले की आजच्या पोलिश भाषेत हाच शब्द बर्फाच्या बाहुल्यासाठी आणि मठ्ठ माणसासाठीही वापरतात. ठोकळे वर ओढण्यासाठी मोठमोठे लाकडी रहाट होते आणि ते घोडे फिरवत. घाण्याच्या बैलासारखे हे घोडे फिरत राहत, त्यांचे तबेले खाणीतच होते आणि एकदा खाली उतरवलेले घोडे वर्षानुवर्षे तिथेच राहत. शेवटची घोडी बाश्का २००२ मध्ये वर आणली गेली. तोपर्यंत यंत्रे येऊन जमाना झाला होता. रहाटाचे लाकूड आजही हाताला कठीण लागते, कारण मिठाने ते कुजू दिलेले नाही. खाणीतले टेकूही लाकडीच आहेत. लोखंडाला खारी हवा खाते, हे समुद्राकाठी खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मिहावोवित्से नावाच्या ३५ मीटर उंच दालनात ओंडक्यांवर ओंडके रचून छतापर्यंत नेलेला टेकू आहे, तो पाहताना मान दुखू लागते.

किंगाची कथा सगळ्यांना सांगतात, तशी मीही थोडक्यात सांगतो. हंगेरीचा राजा बेला चौथा याच्या या मुलीचे लग्न क्राकूवच्या बोलेस्वावशी ठरले. तिने बापाकडे हुंडा म्हणून मीठ मागितले, कारण पोलंडमध्ये ते नव्हते. बापाने मिठाची खाण दिली, तिने आपली अंगठी त्या खाणीत टाकली आणि पोलंडला आल्यावर एका जागी खणायला सांगितले, तर मिठाच्या पहिल्याच खड्यात ती अंगठी निघाली. सोन्यानाण्याऐवजी मीठ मागणारी मुलगी सौ.ला फार आवडली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये किंगाला संतपद दिले, परंतु खाणकामगारांनी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून आपली मानली होती.

तिच्या नावाचे प्रार्थनास्थळ १०१ मीटर खोलीवर आहे आणि लोक जगभरातून येतात ते मुख्यतः यासाठी. आधी आपण सज्जावर येतो आणि मग खाली ते सगळे एकदम उघडते. ५४ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर उंच असे हे दालन मिठाच्या एकाच प्रचंड साठ्यातून पोखरलेले आहे. वेदी, मूर्ती, पायऱ्या, कठडे सर्व मिठाचे. जमीन फरशांची वाटते, पण त्या फरशा नाहीत, अखंड मिठावर कोरलेल्या रेघा आहेत. झुंबरांना काचेऐवजी मिठाचे स्वच्छ स्फटिक लटकवले आहेत. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की हे काम नामांकित शिल्पकारांचे नाही. १८९६ मध्ये युझेफ मार्कोव्स्की या खाणकामगाराने ते सुरू केले, पुढे त्याचा भाऊ तोमाश याने चालवले आणि त्यानंतर आंतोनी विरोदेक याने १९६३ पर्यंत. तिघेही खाणीतलेच. सुमारे २० हजार टन मीठ बाहेर काढले तेव्हा ही जागा तयार झाली.

विरोदेकने कोरलेले येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र मी जवळून पाहिले. ते समोरून पाहताना मागे मोठी खोली असावी इतके खोल दिसते आणि बाजूने पाहिल्यावर कळते की कोरीव काम तितके खोल नाहीच. मेजाच्या काठावर एका ठिकाणी छिन्नीच्या बारीक समांतर रेघा राहून गेल्या होत्या आणि त्यांच्यात दिव्याचा उजेड अडकून चमकत होता. दिवसभर खाणीत राबणाऱ्याच्या हातांत इतकी सबुरी कुठून आली असेल, ते मला सांगता येणार नाही.

या भव्यतेपेक्षा मला त्याआधी पाहिलेले संत अंतोनीचे छोटे प्रार्थनास्थळ अधिक लक्षात राहिले. ते सतराव्या शतकाच्या अखेरीचे असून तिथे पहिली प्रार्थना १६९८ मध्ये झाली. विहिरीच्या वाटेने बाहेरची दमट हवा शतकानुशतके आत येत राहिली आणि तिने तिथल्या मिठाच्या मूर्ती हळूहळू चाटून टाकल्या. एका मूर्तीला नाक उरलेले नाही, बोटे एकमेकांत मिसळली आहेत आणि वस्त्राच्या चुण्या मेणासारख्या ओघळल्या आहेत. पाण्यातून जन्मलेल्या मिठाला पाण्याचीच भीती, हे माझे लहानपणापासूनचे ज्ञान होते, परंतु दगडासारख्या खाणीलाही तीच भीती असेल असे वाटले नव्हते. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यातल्या १२ स्थळांत व्येलिच्का होते. १९८९ मध्ये दमटपणामुळेच त्याची नोंद धोक्यातल्या वारशात झाली आणि हवा कोरडी ठेवण्याची यंत्रणा बसवल्यावर १९९८ मध्ये ते नाव त्या यादीतून निघाले. आमच्यासारखे प्रवासी श्वासागणिक किती ओल आत सोडत असतील, या विचाराने मी त्या मूर्तींपाशी काही क्षण श्वास रोखून उभा राहिलो. हे हास्यास्पद होते, हे मान्य आहे.

पुढे तळी लागली. त्यांतले पाणी इतके खारट की एका लिटरमध्ये ३०० ग्रॅमहून जास्त मीठ विरघळलेले आहे आणि त्यात माणूस बुडणे अवघड. कोपर्निकसचा मिठाचा पुतळा, स्ताशित्स दालनाची प्रचंड उंची आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विमानांचे भाग बनवण्यासाठी खाण वापरल्याची हकीकतही ऐकली, परंतु तोवर पाय बोलू लागले होते. सहलीच्या शेवटी जमिनीखालीच भोजनगृह आणि दुकाने आहेत. जर्मन कवी गोयटे आणि पोलिश संगीतकार शोपँ यांनी पाहिलेल्या खाणीत मी बटाट्याचे सूप प्यायलो. ते अळणी होते. वर नेणारी लिफ्ट म्हणजे खाणकामगारांचा पिंजरा. त्यात आम्हाला लोकलच्या सवयीचा उपयोग झाला. मिनिटभराच्या आत काळोखातून उन्हात आलो.

तिसरा दिवस : गाव, गढी आणि खारा वारा

गुडघ्यांना विश्रांती म्हणून तिसऱ्या दिवशी व्येलिच्का गावातच रमतगमत फिरलो. खाणीचा कारभार ज्या जुन्या गढीतून चाले, तिथे आता संग्रहालय आहे. तिथे मीठ ठेवण्याच्या भांड्यांचा मोठा संग्रह आहे आणि एकेक भांडे सोन्याचांदीच्या दागिन्यासारखे घडवलेले आहे. मीठ महाग होते तेव्हा ते ठेवण्याची ऐटही महागच असणार. खाणकामगारांच्या संघाचे १५३४ मधले चांदीने मढवलेले शिंगही तिथे आहे. राजाला मिठातून मिळालेला पैसा किती होता याचे पुरावे सगळ्या दालनांत होते. मला मात्र शिरोड्याचा १९३० मधला सत्याग्रह आठवत राहिला. मिठावर ज्याचा हक्क, त्याची सत्ता, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

गावात फिरताना मुलाने आम्हाला रेल्वेमार्गाजवळचा एक मठ दाखवला. १९९२ च्या एप्रिलमध्ये खाणीतल्या मिना नावाच्या भुयारात अचानक पाणी घुसले आणि आपल्यासोबत माती घेऊन गेले. त्यामुळे वरची जमीन खचली, रुळांचे आणि मठाचे नुकसान झाले. रस्त्यावर आता त्याची काही खूण दिसत नाही. लोक कुत्री फिरवत होते आणि पायाखाली काय आहे याची कोणाला आठवणही नसावी.

दुपारी खाणीजवळच्या बागेतला लाकडी मनोरा पाहिला. त्याच्या भिंती काटेरी काटक्यांच्या जुड्यांनी भरलेल्या असून त्यांच्यावरून खाणीतले खारे पाणी झिरपवतात. थेंब काट्यांवर फुटतात, हवा खारी होते आणि ती श्वसनाला चांगली म्हणून लोक तिकीट काढून आत हळूहळू फेऱ्या मारतात. सौ.ने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हा तर आपल्या मोरा बंदरावरचा वारा." तिथे तो फुकट मिळतो, पण त्यात मासळीचाही वाटा असतो.

चौथा दिवस : बोख्निया

व्येलिच्का पाहून आलेल्यांपैकी फार थोडे लोक बोख्नियाला जातात. ही खाण त्याहून जुनी मानली जाते. तिथे १२४८ मध्ये खडकातले मीठ सापडले आणि २०१३ मध्ये तिचाही जागतिक वारशात समावेश झाला. क्राकूवपासून पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर हे गाव आहे. इथे खाली जाण्यासाठी लिफ्ट आहे आणि मग भुयारातून छोटी आगगाडी धावते. ती इतकी बुटकी आणि वाट इतकी अरुंद आहे की बाहेर डोकावू नका अशी ताकीद अगदी खरी आहे. तिचे रूळ चक्क एका प्रार्थनास्थळाच्या मधून जातात.

बोख्निया व्येलिच्काइतकी सजवलेली नाही आणि म्हणूनच मला ती अधिक खरी वाटली. भिंतींवरून गंजलेल्या तारा गेलेल्या आहेत, कुदळींचे घाव जसेच्या तसे आहेत आणि काही ठिकाणी मिठाने पांढऱ्या कापसासारखा फुलोरा धरला आहे. सुमारे २५० मीटर खोलीवर वाझिन नावाचे २५५ मीटर लांबीचे दालन आहे. तिथली हवा फुप्फुसांना मानवते, म्हणून लोक रात्री मुक्कामाला येतात. दालनात पलंगांच्या रांगा आहेत, खेळाचे मैदान आहे आणि आम्ही गेलो तेव्हा शाळेची मुले तिथे चेंडू खेळत होती. एका थरावरून दुसऱ्या थरावर जाण्यासाठी १४० मीटर लांबीची लाकडी घसरगुंडी आहे. मी तिच्यावरून गेलो. सौ. जिन्याने गेली आणि खाली उभी राहून हसत होती.

निघताना दुकानातून मिठाचा मुठीएवढा करडा खडा विकत घेतला. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि "सूल" म्हणजे मीठ, एवढेच म्हणून परत दिला. घरी आल्यावर तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, आजोबांच्या फोटोशेजारी ठेवला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि चौथ्या दिवशी खड्याला घाम फुटला. आता त्याच्याखाली सौ.ने एक पितळी ताटली ठेवली आहे आणि सकाळ-संध्याकाळ ती पुसणे माझ्याकडे आहे.